दोन्ही टाचा

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असं आपल्यात म्हणतात.
ड्युब्युकच्या शोरूममध्ये मी आधी पाय पसरले
आणि मग अंथरूण पाहत बसले:
बाराशे सीसीचं, काळंभोर,
क्रोममध्ये माझंच तोंड, लांबट आणि घाबरलेलं.
फूटपेग इतके पुढे, की गाडीवर नाही,
दातांच्या डॉक्टरकडे बसलेय असं वाटलं.
पायांकडे लक्ष द्यावं तर हँडल माहेरी गेलेलं.

विकणारा पोरगा म्हणाला, सवयीने हिच्यात मोठ्या व्हाल.
बावन्नाव्या वर्षी!
आई युनिफॉर्म घेताना म्हणायची, वाढत्या अंगाचा द्या हो,
आणि दहावीपर्यंत माझ्या बाह्या
बोटांच्या पुढेच होत्या.

शेजारी तीनशेची होती. हलकी, गुणी.
मुलगा फोनवर म्हणाला, तीच घे, शिकायला बरी.
पण हायवेवर ट्रकच्या वाऱ्यात
तीही माझ्यासारखीच थरथरणार,
आणि दोघींपैकी एकीने तरी घट्ट राहायला हवं.

मे महिन्यात, कॉलेजच्या रिकाम्या पार्किंगमध्ये
नारिंगी शंकूंमधून फिरवताना रमोनाबाई ओरडायच्या:
बघशील तिकडे जाशील! शंकूकडे बघू नकोस!
त्यांना काय सांगू.
सव्वीस वर्षं मायक्रोस्कोपखाली तेवढंच केलंय,
हजार बऱ्या पेशींतून
एक वाईट शोधून काढायची.
सगळे शंकू मी पाडले.

मग नदीपलीकडे, इलिनॉयमध्ये, वेंडेल क्लॉसनरचं गॅरेज.
डोक्यावर मक्याच्या बियाण्याची टोपी,
बोलणं मोजून, खिळे मोजावेत तसं.
साडेसहाशेची, मरून, दोन हजार अकराची.
मी बसले.
टाचा टेकल्या.
चवडे नाही, टाचा. दोन्ही.
कोपर जरा वाकलेलं, पाठ आपली आपण सरळ.
इंजिन चालू केलं तर मांडीखाली
मोठ्या पातेल्यात काहीतरी रटरटत असल्यासारखं.

टाकीवर डावीकडे वाटीएवढा पोचा.
म्हटलं, याचे किती कमी कराल?
तो म्हणाला, याचे वेगळे लावले नाहीत हेच समजा.
मार्लीसने पाडली होती, पेट्रोल पंपावर,
पहिल्याच आठवड्यात, सगळ्यांदेखत.
त्यानंतर चौदा हजार मैल, एकदाही नाही.

मार्लीस कुठे आहे, हे मी विचारलं नाही.
तिचं हेल्मेट भिंतीवर उलटं टांगलेलं,
आत सुतळीचा गुंडा.

त्याने एक जुनी रजई आणली, सिमेंटवर अंथरली,
गाडी तिच्यावर आडवी केली,
आजारी माणसाला कुशीवर वळवावं तशी,
आणि म्हणाला, उचल.
उचललीस तर विकतो.

दोनशे वीस किलो.
रमोनाबाईंनी दाखवलं होतं: पाठ गाडीकडे,
बूड सीटला, हात खाली,
आणि मग चालत चालत मागे, मुंगीच्या पावलांनी.
पहिल्यांदा काहीच हललं नाही, फक्त मी लाल झाले.
दुसऱ्यांदा रजई सरकली.
तिसऱ्यांदा काय केलं आठवत नाही;
ती उभी होती आणि माझे गुडघे
शिवणयंत्रासारखे चालले होते.
वेंडेल चेक न बघताच खिशात घालून आत गेला.
रजई तशीच पडलेली. मीच घडी घातली.

परत येताना पूल सोपा गेला.
मग लोरास बुलेव्हार्डचा चढ,
ऐन मध्यावर लाल दिवा,
आणि मागे दुधाचा टँकर.

दोन टाचांसाठी मी सहा आठवडे हिंडले होते.
चढावर कळलं, टेकवायची एकच.
उजवी ब्रेकवर, नाहीतर सगळा संसार मागे.
हे कुणी सांगितलं नव्हतं,
किंवा सांगितलं असेल, मी शंकू बघत असेन.

हिरवा झाला.
क्लच सोडला. बंद पडली.
टँकरवाल्याने हॉर्न दिला नाही.
पोच्यावर डावा गुडघा टेकवला, अगदी बसला त्यात,
आणि पुन्हा बटण दाबलं.