तळ्याने कूस बदलली

इथे तंबूच्या खुंट्या वाकतात.
वर वीतभर माती, खाली जुनी राख, दगड झालेली.
आठ वर्षं ठोकतोय, म्हणून मला ठाऊक
कुठली खुंटी धरते आणि कुठली
पाहुण्यासकट थेट पाण्यात.

माझं नाव शाळेच्या दाखल्यावर लांबलचक आहे,
पण इकडे नावाने हाक मारत नाहीत.
आधी विचारायचं, तुझं एम्पाको काय?
मग रामराम-श्यामराम काय असेल ते.
मी अराली. तळ्यावरचा म्हातारा कसोरो, तो अमूती.
आणि तीन पेट्या, एक वजन लावलेली दोरी घेऊन
कंपालाहून आलेल्या कबाहेंडा मॅडम
स्वतःचं एम्पाको सांगताना अडखळल्या:
"अब्वोली... बहुतेक. आजी म्हणायची."

त्यांना तळ्याची खोली हवी होती.
कसोरो म्हणाला, "माझ्या बापाने
केळीच्या सोपटांची दोरी वळली, दोन पावसाळे.
दगड बांधून सोडली, सोडली,
आणि शेवटी टोकच हातातून निसटलं.
एवढं खोल."
मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं.

रात्री विस्तवावर फिरिंदा, सोललेल्या घेवड्याची.
झाडांत काळी-पांढरी माकडं कुरकुरत होती.
मागल्या आठवड्यात त्यांनी एका जोडप्याचा पाव पळवला,
सोबत दात घासायचा ब्रश.
मॅडम हसल्या, मग सांगत बसल्या
हे सगळं कसं फुटलं असेल:
खालून चढणारा शिलारस, वाटेत पाणी,
आणि वाफेचा असा दणका
की डोंगर व्हायच्या आधीच डोंगराची जागा रिकामी.
कसोरोने ऐकून घेतलं.
"अब्वोली, तू तेव्हा होतीस?"
"नाही."
"मीही नव्हतो. वाढ अजून थोडी."

तिसऱ्या पहाटे वासाने जाग आली.
सडकी अंडी.
पाणी, काल शेवाळी हिरवं,
आज नासलेल्या दुधाच्या चहासारखं,
आणि काठाकाठाने मासे, पांढरी पोटं वर,
काहींचे कल्ले अजून हलत.
मॅडम अनवाणी धावल्या,
गुडघाभर पाण्यात उभ्या, हातात गुंडाळलेली दोरी.
कारण त्यांना ठाऊक होतं: रात्रभर गार वारा,
वरचं पाणी जड होऊन खाली,
खालचं, वर्षानुवर्षं कोंडलेलं, वर.
भराभर सांगत होत्या, मला की स्वतःला, कळेना.
कसोरोने होडी काठावर ओढून पालथी घातली.
त्याचं वर्षभराचं पोट समोर तरंगत होतं.
म्हणाला, "तळ्याने कूस बदलली, झोपेत.
आपण नाही बदलत?
अंगाखाली कोण येतंय ते बघून बदलतो का?"

मी खुंट्या उपटल्या. चार वाकड्या, एक सरळ.
तंबू वर नेला, चहाच्या मळ्याच्या बाजूला.
मॅडम त्याच दिवशी निघणार होत्या, निघाल्या नाहीत.
अंधार पडेपर्यंत आमच्यासोबत मासे वेचले,
केळीच्या बुंध्यांशी खड्डे खणले, पुरले,
वर चुलीतली राख टाकली.
जाताना कसोरोने त्यांची दोरी मागून घेतली,
वजन सोडवून खिशात घातलं
आणि दोरीने होडी झाडाला बांधली.

त्या रात्री तंबूत कूस बदलण्याआधी
मी हाताने चाचपून पाहिलं.
गवत होतं. थोडं ओलं.