किमान गरज

ग्युम्रीच्या संगीत शाळेत, तिसऱ्या मजल्यावर,
ह्रानुशबाई म्हणाल्या, वर्दगेस, हे बघ.
येरेवानहून हुकूम आला, नवी सिस्टीम घाला. घातली.
आता सकाळी बटण दाबते, जझ्वेत कॉफी चढवते,
कॉफी उकळते, पिऊन होते,
पेला पालथा घालून गाळात भविष्यही बघून होतं,
आणि पडद्यावर
तो ठिपक्यांचा गोल फिरतोच आहे.

भविष्यात काय दिसलं, मी विचारलं.
तोच गोल, त्या म्हणाल्या.

शेजारच्या खोलीत कुणी पोर पियानोवर सप्तक चढत होतं.
पाचव्या सुरावर अडत होतं.
पुन्हा पहिल्यापासून.

मी डब्याचं झाकण काढलं.
पंख्याच्या पात्यांवर राखाडी लोकर, बारा हिवाळ्यांची,
बाहुलीचा स्वेटर होईल इतकी.
प्रोसेसरवरची पेस्ट शिळ्या लवाशसारखी तडकलेली.
तो बिचारा तापायचा,
आणि जळू नये म्हणून आपणच आपला वेग कमी करायचा.
डिस्क जुनी, फिरती. तिच्यात काहीतरी सारखं
टक् टक् करत होतं,
रिकाम्या अंगणात कोंबडी दाणे शोधते तसं.
मेमरी दोन जीबी. एकच पट्टी.

नव्या सिस्टीमच्या कागदावर लिहिलं होतं,
किमान गरज: दोन.
म्हणजे सगळं नियमात.

किमान म्हणजे काय, ते मला विचारा.
भूकंपानंतर आम्हाला लोखंडी डबा दिला राहायला.
दोमिक म्हणतात त्याला, घरुलं.
दोन वर्षांपुरता, असं सांगितलं होतं.
मी त्यातून बाहेर पडलो तेव्हा मला मिशा होत्या.
आत टेबल एकच, परातीएवढं.
जेवायचं तर वह्या खाटेवर.
अभ्यास करायचा तर ताटल्या खाटेवर.
झोपायचं तर खाटेवरचं सगळं परत टेबलावर.
आई दिवसभर उचलायची आणि ठेवायची, उचलायची आणि ठेवायची,
आणि संध्याकाळी बाबा विचारायचे,
आज काय केलंस?

आत तेच चाललंय, ह्रानुशबाई.
टेबल तेवढंच, आणि नवी सिस्टीम एकटी आली नाही.
बरोबर एक अपडेट शोधणारा,
एक व्हायरस हुडकणारा,
एक न विचारता हवामान सांगणारा,
आणि एक, जो नेमकं काय करतो
ते मलाही सांगता यायचं नाही.
सगळे टेबलाशीच बसतात.

आणि खाट कुठली?
ती टक् टक् करते ती.

त्या जरा वेळ काही बोलल्या नाहीत.
मग म्हणाल्या, आमच्या दोमिकमध्ये टेबल नव्हतंच.
इस्त्रीची फळी होती.

शाळेकडे पैसे एकाच गोष्टीपुरते होते.
डिस्क बदलली असती तर जास्त फरक पडला असता,
हे मी सांगितलं. किंमतही सांगितली.
त्यांनी कपाट उघडलं, पावत्यांची फाइल पाहिली, कपाट लावलं.
मी लोकर काढली, नवी पेस्ट लावली,
आणि माझ्या पिशवीतली, कुणाच्या तरी मेलेल्या कॉम्प्युटरातली,
चार जीबीची पट्टी रिकाम्या खाचेत दाबली.
एकदाच वाजली. टक्.

बटण दाबलं. त्यांनी जझ्वे चढवलं.
कॉफीला फेस आला आणि पडदा उघडला.
समोर मुलांची नावं, फीच्या रकान्यात लाल आकडे.
त्या लगेच टायपायला बसल्या.
पेला पालथा घालायचा राहिला तो राहिलाच.
हे काही बरं केलं नाहीस, त्या म्हणाल्या,
पण मान वर न करता.

शेजारी तेच सप्तक. पाचवा सूर. अडला.
ह्याच्यासाठी आहे का रे एखादी पट्टी तुझ्याकडे?
आमच्या वेळी होती, मी म्हणालो.
बाईंच्या टेबलावर असायची, लाकडी,
आणि हात पुढे करायला लागायचा.

त्या हसल्या. मी स्क्रू पिळत राहिलो.
भिंतीपलीकडे
पुन्हा पहिल्यापासून.