मागील पानावरून

सिव्हिल लाइन्सच्या कचेरीत
लोकऋणाच्या टेबलावर मी लागलो तेव्हा
खातेवहीत पैशांचा वेगळा रकाना होता.
ढोमणेबाई म्हणायच्या, हळू लिही,
सरकारचं देणं आहे, शाई फुटू देऊ नको.

आकडा वाढत गेला.
आधी त्यानं समास खाल्ला,
मग पैशांचा रकाना.
महालातल्या छापखान्यानं एका मार्चमध्ये
रुंद आखणी करून दिली.
पुरेल दहा वर्षं, बाई म्हणाल्या.
चार पुरली.

रोखे मुदतीला यायचे, आम्ही फेडायचो,
त्याच दिवशी नवे काढून.
बुडालं काहीच नाही. संपलंही नाही.
नव्या पानाच्या डोक्यावर तेच अक्षर:
मागील पानावरून.

‘फेडतं कोण शेवटी?’
मी एकदा डबा उघडताना विचारलं.
बाईंनी संत्रं सोललं, फोडी मोजल्या,
अर्ध्या माझ्याकडे सरकवल्या.
‘देश काही रिटायर होत नाही रे बाप्पा,
आपण होतो.’

त्या झाल्या. मीही झालो.
संध्याकाळी झिरो माइलपाशी बसतो,
नात दगडावरची अंतरं वाचते,
अडखळत, बोट ठेवून.
नऊ वर्षांची आहे.
परवाच पन्नास वर्षांचा रोखा निघालाय.