वाव

शिरोड्याला गिरपांच्या माडीवर
माझी भाड्याची खोली, खाली मांगरात रहाट.
दिवसभर मी विहिरींचं पाणी तपासते.
संध्याकाळी शेवंतामावशी विचारते,
"आज काय गावला?"

आज गावली भोकं.
काचेच्या बशीत जिवाणूंची साय धरली होती,
तिच्यात टाचणीच्या डोक्याएवढी, स्वच्छ, एकवीस.
कुणीतरी आत शिरून, वाढून, घर फोडून गेलेलं.

कसं वाढतं ते सांगायला
तिचाच रहाट उसना घ्यावा लागला.

हा विषाणू शिरतो तेव्हा नुसता एक दुपेडी दोरा.
दोन्ही टोकांना बारा-बारा अक्षरं उघडी,
एकमेकांना ओळखणारी.
आत गेल्या गेल्या टोकाला टोक चिकटतं, कडं होतं.
आधी कड्याची चार कडी, सावकाश.
मग एकाच पेडाला चीर जाते,
दुसरा तसाच गोल राहतो,
त्याच्यावरून नवा पेड भरत जातो
आणि जुना सुटत जातो,
सुटत जातो,
जशी तू कमरेला काथ्या बांधून मागे मागे चालतेस
रहाटापासून माडापर्यंत, माडापासून गडग्यापर्यंत.
सुटणाऱ्यालाही वाटेतच जोडीदार मिळतो.
एकाला पुरून कितीतरी उरेल एवढा लांब.

"आणि तोडतत खंय?"

मोजून. अठ्ठेचाळीस हजार पाचशे दोन,
की पुन्हा तीच बारा अक्षरांची खूण. तिथे छेद.
एक वाव डोक्यात कोंबायचा, पुढचा वाव पुढच्याच्या.

मावशी दोन्ही हात पसरून बघते.
खांदा धरल्यापासून तिचा वाव आखूड भरतो,
शेट तेवढे पैसे कापतो.

"पण रहाट कोण फिरवता?
तुझ्या त्या इवल्याक हात तरी असत?"

नाहीत.
ज्याचं घर, त्याचाच रहाट, त्याचाच काथ्या.
हा फक्त सांगतो काय वळायचं.
तासाभरात घर फुटतं, शंभरेक बाहेर पडतात.

ती सुंभाच्या वेटोळ्यावर टेकली. बराच वेळ काही नाही.
मग हसली, सुपारी गालात सरकवून:
"काथो आमचो, हात आमचे, सुंभ शेटाचा.
ह्या सांगूक तुका काचेची बशी होई?"

रहाट पुन्हा कुरकुरला.
मी वर येऊन वहीत एकवीस लिहिले.
बाटलीवरची चिठ्ठी तिला दाखवलीच नव्हती:
गिरप, मांगरामागची विहीर.

अर्ध्या जिन्यातून परत खाली ओरडले,
मावशी, पाणी उकळून पी.