दीर्घ चाचणी

धोपाव्याच्या जेटीवर उताराला चार गाड्या उभ्या,
चारही एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या.
दोन पांढऱ्या, एक राखी, एक माझी.
माझीचा रंग कागदावर ‘सागरी निळा’,
आता नेमका कोणता ते समुद्रालाच माहीत.

पावणेदहाची फेरीबोट चुकली होती.
भाचा पुण्याहून येऊन मासिक विसरून गेलेला,
ते मी बॉनेटवर पसरलं,
वाऱ्याने उडू नये म्हणून वर मुकादमांचा नारळ ठेवला
आणि मोठ्याने वाचलं:
दीर्घ चाचणी. अकरा महिने. एकवीस हजार किलोमीटर.

‘अकरा महिने म्हणजे दीर्घ?’ शैला वेल्हाळ हसली,
‘माझे हप्तेच चौऱ्याऐंशी.’

डिकी लहान, असं लिहिलं होतं. दोनशे बावीस लिटर.
‘लिटर?’ मुकादम म्हणाले, ‘दूध न्यायचंय काय?
मागची सीट पाडली की चौदा पेट्या हापूस,
पंधरावी आमच्या बीबीच्या मांडीवर.
त्याला सांग, पेटीत मोज.’

आतलं प्लास्टिक कडक, हाताला स्वस्त लागतं.
शैला उपकेंद्रात नर्स. रात्री अडीचला,
मळणच्या उतारावर, तिच्या मागच्या सीटवर
एक पोरगी बाळंत झाली होती.
‘मखमल असती तर काय केलं असतं मी?
डेटॉलचं पाणी, दोन फडकी,
सकाळी आठला ड्युटीवर.’

दार मिटताना पत्र्याचा आवाज येतो.
यावर सर्वेश आरेकर पेटला.
त्या लिहिणाऱ्याच्या सात पिढ्या त्याने खाडीत बुडवल्या.
मग शिव्या संपल्यावर स्वतःच्या गाडीपाशी गेला,
दार उघडलं, हळू मिटलं.
पुन्हा उघडलं, जरा जोरात.
तिसऱ्यांदा कान लावून.
आम्ही पाण्याकडे बघत राहिलो.

‘या किमतीत’ हे दोन शब्द त्या लेखात सात वेळा होते.
या किमतीत ब्रेक उत्तम. या किमतीत एसी पुरेसा.
या किमतीत तक्रार करणं बरं दिसत नाही.
दोष काढले त्याला आम्ही उत्तरं दिली,
या कौतुकाला कोणाकडेच काही नव्हतं.
त्या किमतीत माझ्या बायकोच्या पाटल्या होत्या,
मुकादमांची कुवेतची शेवटची दोन वर्षं.
त्याच्या तक्त्यात रकाना तेवढा रुंद नव्हता.

शेवटच्या पानावर, कोपऱ्यात, चौकट:
‘साठच्या पुढे मागच्या डाव्या काचेतून एक बारीक शीळ.
तीनदा वर्कशॉपला नेली. सापडली नाही.
गाडी परत केली तेव्हा तेवढीच कानात राहिली.’

मी वाचायचा थांबलो.
शृंगारतळीचा मेकॅनिक मला म्हणाला होता,
गाडीला काही नाही, कानाच्या डॉक्टरला दाखवा.
बायको शेजारी बसून विचारायची, कुठे काय?
तीन वर्षं मी ती एकट्याने ऐकली,
हळूहळू मानूही लागलो होतो की ती माझ्यातच आहे.
आणि हा कोण कुठला माणूस,
ज्याची गाडीही त्याची नव्हती,
तोसुद्धा कधीतरी रात्री रेडिओ बंद करून
मान डावीकडे कलती ठेवून बसला असणार.

‘तुझी पण वाजते?’ मुकादमांनी हळूच विचारलं,
लाजेचं दुखणं विचारावं तसं.
शैलाने मान हलवली.
सर्वेशनेही, रागातच.

बोट लागली. फळी धाडकन पडली.
मासिक कोणाच्या गाडीत गेलं, लक्षात नाही.
नारळ मात्र माझ्याकडेच राहिला.

पलीकडे दाभोळची चढण संपून सडा लागला
तेव्हा मी काचा वर घेतल्या.
आरशात तिघेही मागे होते.
चाळीस. पन्नास. पंचावन्न.
रस्ता मोकळा होता
आणि कोणीच कोणाला ओव्हरटेक करत नव्हतं.