दसऱ्यापर्यंत

नवी गाडी अजून कुणी पाहिलेलीच नाही.
होटगी रोडच्या शोरूममध्ये तिचा फोटो आहे,
कापडाखाली झाकलेला, दोन दिवे तेवढे उघडे.
कापड कुठलं, ते मी आधी पाहिलं.
सॅटिन. आपल्याकडचं नव्हे.
"दसऱ्यापर्यंत येईल, येमूलशेठ," मॅनेजर म्हणतो,
आणि त्या फोटोपायी माझी गाडी
मेच्या उन्हात तपासणीला उभी.

इरण्णा नावाचा पोरगा
पेनासारखं काहीतरी दारावरून फिरवतो.
"इथं रंग दुसऱ्यांदा लागलाय."
लागलाय. कारखान्याचं फाटक.
चूक फाटकाची नव्हती.

सीटखाली हात घालून तो काढतो
शेंगांची टरफलं, एक हेअरक्लिप
आणि टॉवेलचा पांढरा भुसा,
जो आमच्या डाळीत, उशीत, छातीत
सगळीकडे असतो.
याचं काही तो लिहीत नाही.

"बॅटरी किती उरलीय?"
"ब्याऐंशी टक्के, काका."
इतकं नेमकं डॉक्टरनंही कधी सांगितलं नाही.

सात वर्षांपूर्वी घेतली तेव्हा
लोक विचारायचे, ही चालते तरी कशावर?
मी म्हणायचो, दोन्हीवर.
आमच्यासारखी. घरात तेलुगू, पेठेत मराठी,
भांडणात जे आधी तोंडात येईल ते.
एक कुठं थांबतं, दुसरं कुठं उचलतं,
बाहेरच्याला कळत नाही.
आतल्याला तरी कुठं?

सात रस्त्याच्या सिग्नलला इंजिन गप्प व्हायचं
आणि मागच्या सीटवरून
लावण्याचा एकोणतीसचा पाढा ऐकू यायचा,
दर वेळी एकशे चौऱ्याहत्तरला अडखळणारा.
आता ती हैदराबादला असते.
पाढा लागत नाही, म्हणते, तिथं.

वडिलांनी हातमाग काढला
तेव्हा लाकूड वजनावर गेलं.
पावती न बघता त्यांनी घडी घातली
आणि धोटा तेवढा
धोतराच्या सोग्यात गुंडाळून परत आणला.
पॉवरलूम यायला पुढं वर्ष लागलं.
त्या वर्षात ते काय करायचे, मी विचारलं नाही.

हेअरक्लिप मी खिशात टाकली.

रक्कम ठरली. खाली बारीक अक्षरांत अट:
नवी येईपर्यंत जुनी तुम्हीच वापरा,
मात्र दर हजार किलोमीटरला किंमत उतरेल.
म्हणजे विकलेली गाडी चालवायची,
घर खाली करायचं ठरलेल्या भाडेकरूसारखी,
खिळासुद्धा न ठोकता.

घर अशोक चौकात. रस्ता सरळ.
मी उलटा वळलो, विजापूर रोडला,
कंबर तलावापर्यंत गेलो, काम काही नव्हतं,
काचा खाली करून परत फिरलो.
किती किलोमीटर झाले ते पाहिलं. मग पाहिलं नाही.

सिग्नलला ती गप्प झाली.
मागं रिक्षावाला हॉर्नवर हात ठेवून बसलेला,
हिरवा कधीचा लागलेला.
थांब, मी म्हणालो.
कुठल्या भाषेत, ते आठवत नाही.