सातच्या पोटातली रेघ

डिसेंबरात मोंतेविदेओत पंखा कागद उडवतो,
म्हणून प्रत्येक यादीवर मी काहीतरी ठेवते:
स्टेपलर, किल्ल्या, झुल्माचा चष्मा,
एक पीच, अर्धं खाल्लेलं.

बावीस समीक्षक. प्रत्येकी दहा अल्बम.
पहिल्याला दहा गुण, दहाव्याला एक.
माझं मत कोणी विचारत नाही.
मी बेरीज करते.

तुंब्यातला कडू माते हातोहात फिरू लागला
की वाद सुरू होतो.
तीस डिसेंबरला आलेला अल्बम कोणत्या वर्षाचा?
गेल्या वर्षी तोवर यादी छापून झाली होती,
यंदा म्हणतात, तो जुना.
दोन घरचा पाहुणा उपाशी.
आणि बेचाळीस वर्षं कपाटात पडलेल्या टेपा
आत्ता बाहेर आल्या, त्यांचं काय?
"माणूस मेला तेव्हाच त्याचं वर्ष संपलं,"
वॉशिंग्टन म्हणतो.
निबिया नळी तोंडातून न काढता विचारते,
"तुझं अजून चालू आहे का?"

वॉशिंग्टनच्या यादीत तिसरं
त्याच्या मेव्हण्याचं ढोलपथक.
आपला तो बाब्या.
कोणी काही बोलत नाही,
मेव्हणा शुक्रवारी सगळ्यांना मांस भाजून घालतो.

झुल्माने यादी दिलीच नाही. चिठ्ठी दिली:
यंदा एकच अल्बम ऐकला, ऐंशी वेळा.
दहाही जागा त्यालाच द्या.
नियमात बसत नाही, मी म्हटलं.
"ऐकणं तरी कुठे बसतं," म्हणाली
आणि आपला चष्मा उचलून निघून गेली.
त्याखालचे कागद जिन्यापर्यंत गेले.

सगळ्यात शेवटी दार्दो.
अठ्ठ्याहत्तर वर्षं, एक कान सपशेल गेलेला.
यादी हाताने लिहितो, विजेच्या बिलाच्या पाठीवर.
त्याच्या एकाला हे एवढं लांब नाक,
आणि सातच्या पोटात रेघ
कधी असते, कधी नसते.

गेल्या वर्षी, रात्री साडेअकराला,
मी त्याचा एक सात वाचला.

एका यादीत दोन सात आणि एकही एक नाही,
शेंबड्या पोराला दिसलं असतं.
सहा गुण फुकटचे.
ताक्वारेम्बोच्या चार भावांचा 'रविवारी बंद'
चौसष्टावरून पन्नासावर येऊन बसला.
यादी पन्नासाचीच असते.
जो बाहेर पडला त्याचं नाव इथे लिहीत नाही.

लिहिते. 'मिठाची खोली'.
एक शाळामास्तरीण, गिटार, आणि तिचा दमा.

मला कळलं फेब्रुवारीत,
जुनी बिलं चाळताना.
तोवर बसस्थानकावर पोस्टर लागलं होतं:
वर्षातला पन्नासावा!
भावांच्या नावापेक्षा आकडा मोठा.
धाकट्याने खाटीकखान्यातली नोकरी सोडली म्हणे.
याला गुण किती द्यायचे, आणि कोणी?

दार्दोला सांगितलं, त्याच्या चालत्या कानात.
"मी सातच लिहिला होता," तो ताठ होऊन म्हणाला.
मग बऱ्याच वेळाने,
"कोणता अल्बम?"

वर्षाच्या शेवटच्या कामाच्या दिवशी
या जुन्या शहरात खिडक्यांतून कागद फेकतात,
कॅलेंडरं, पावत्या, फाडलेल्या डायऱ्या,
बँकेतले लोकसुद्धा, टाय सैल करून.
निबियाने गेल्या वर्षीच्या याद्या गठ्ठ्याने सोडल्या.
दहावे, पहिले, सगळे एकाच वेगाने
खालच्या टॅक्सीवर उतरले.
विजेचं बिल मी पर्समध्ये ठेवलं होतं.

मग सगळे पळाले.
मी पंखा बंद केला,
आणि 'मिठाची खोली' पहिल्यांदा लावली.
खरं सांगते, इतकी वर्षं बेरीज करतेय,
पहिल्या दहातलेही मी क्वचित ऐकलेत.
वाईट नाही. तिसरं गाणं लांबलंय.
चौथ्यात दोन ओळींच्या मध्ये ती थांबते,
छातीतून बारीक शिट्टी येते,
आणि गिटार तिच्यासाठी थांबून राहते.

असं किती वेळा होतं,
मी मोजत होते. सवय.
अकरापर्यंत आले,
मग खालून कोणीतरी हाक मारली.